आरोग्य माहितीशास्त्रातील संशोधन व अध्यापन : नोंदवहीपासून शोधनिबंधापर्यंत

प्रस्तावना

वैजापूर तालुका छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला वसलेला आहे. त्याच्या एका अंगाला नाशिक जिल्ह्यातील येवला व नांदगाव, तर दुसऱ्या अंगाला अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव व श्रीरामपूर हे तालुके येतात. या भागातील सोयरिकी जिल्ह्याची हद्द मानीत नाहीत. येवल्याकडची मुलगी वैजापूर तालुक्यातील एखाद्या गावात सून म्हणून येते, गरोदरपणी तिची नोंद सासरच्या उपकेंद्रात होते, सातव्या महिन्यात ओटीभरण होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी जाते. प्रसूती नाशिक जिल्ह्यात होते. बाळाचे वजन, त्याला दिलेली पहिली लस, आईचा रक्तस्राव या सर्व बाबी माहेरच्या नोंदवहीत जातात. सासरच्या आरोग्यसेविकेच्या वहीत त्या गर्भवतीपुढचा रकाना मोकळा राहतो, किंवा आशाताईने फोनवर विचारून घेतलेल्या तारखेने भरला जातो. महिन्याच्या शेवटी दोन्ही उपकेंद्रांचे अहवाल वर जातात. त्यात हे बाळंतपण एकदा मोजले जाते, दोनदा मोजले जाते किंवा एकदाही मोजले जात नाही.

ही अडचण केवळ कारकुनी स्वरूपाची वाटत असली, तरी आरोग्य माहितीशास्त्र ही ज्ञानशाखा नेमकी याच ठिकाणी सुरू होते. सर्वसामान्यपणे 'हेल्थ इन्फॉर्मेटिक्स' हा शब्द ऐकला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर रुग्णालयातील संगणक, मोबाईलवरील ॲप आणि अलीकडच्या काळात कृत्रिम बुद्धिमत्ता येते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. आरोग्यविषयक माहिती कशी निर्माण होते, कोण ती लिहितो, लिहिताना काय गळते, एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीशी कशी जोडायची आणि तिच्यावरून निर्णय घेताना किती विश्वास ठेवायचा, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे आरोग्य माहितीशास्त्र होय. संगणक हे त्याचे साधन आहे. प्रस्तुत लेखात या विषयातील अध्यापन व संशोधनाच्या कारकिर्दीचा विचार महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडलेल्या कामांच्या आधारे केला आहे.

विषयाची घडण

वैद्यकातील माहितीचा स्वतंत्र अभ्यास व्हावा ही कल्पना १९६० च्या दशकात युरोप व अमेरिकेत रुजू लागली. १९६७ मध्ये माहितीप्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने यासाठी एक तांत्रिक समिती नेमली आणि तिच्यातूनच पुढे या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठ व हाइलब्रॉन येथील तंत्रसंस्था यांनी १९७२ मध्ये या विषयाचा संयुक्त पदवी अभ्यासक्रम सुरू केला. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८२ पासून डॉक्टर व संगणकतज्ज्ञ यांना एकत्र शिकविणारा पदव्युत्तर कार्यक्रम चालू झाला. भारतात या क्षेत्रातील मंडळींची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली.

मात्र आपल्याकडे या विषयाला विद्यापीठीय घर मिळालेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या विषययादीत संगणकशास्त्र आहे, ग्रंथालय व माहितीशास्त्र आहे, लोकसंख्या अभ्यास आहे, सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्यही आहे; आरोग्य माहितीशास्त्र नाही. परिणामी या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या अध्यापकाला दुसऱ्या एखाद्या विषयाच्या दारातून आत यावे लागते. कोणी संख्याशास्त्रातून येतो, कोणी संगणकशास्त्रातून, कोणी समाजकार्य वा भूगोलातून, तर कोणी थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातून. पदोन्नतीच्या वेळी 'हा शोधनिबंध आपल्या विषयातील आहे काय?' या प्रश्नाला त्याला प्रत्येक वेळी नव्याने उत्तर द्यावे लागते. ही गैरसोय खरीच. परंतु महाराष्ट्रातील सर्वांत मोलाचे काम अशाच 'दुसऱ्या दारातून' आलेल्या माणसांनी केले आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

अंश आणि छेद

या विषयाचा गाभा शाळेतील अपूर्णांकाच्या धड्यात आहे. कोणताही दर म्हणजे एक अपूर्णांक असतो. वर अंश, खाली छेद. बालमृत्यूदर काढताना मेलेली बालके अंशात आणि जिवंत जन्मलेली सर्व बालके छेदात येतात. रुग्णालयाच्या संगणकात कितीही शिस्तीने नोंदी ठेवल्या, तरी तेथे फक्त अंश सापडतो, आणि तोही जे रुग्णालयापर्यंत पोहोचले त्यांचाच. जे आलेच नाहीत त्यांचा हिशेब गावात जाऊनच करावा लागतो. छेद गावात असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' या संस्थेच्या माध्यमातून तेथे काम सुरू केले. स्त्रियांच्या आजारांविषयी त्या वेळी जी माहिती उपलब्ध होती, ती बहुतांशी दवाखान्यात आलेल्या स्त्रियांवरून गोळा झालेली होती. बंग दांपत्याने दवाखान्याची वाट सोडून दोन गावे निवडली आणि तेथील ६५० स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट' या नियतकालिकात जानेवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्याहून महत्त्वाचा आकडा दुसरा आहे. यांपैकी अवघ्या ८ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झाली होती. याचा अर्थ असा की सरकारी वा खाजगी दवाखान्यांच्या सर्व वह्या निर्दोष भरलेल्या असत्या, त्या एका संगणकात एकत्र केल्या असत्या आणि त्यांच्यावर आजची अद्ययावत गणिती तंत्रे चालविली असती, तरीही हा प्रश्न दिसला नसता. 'अंगावरून जाते' हे गावातील बाई दुसऱ्या बाईला सांगते, कारकुनाला सांगत नाही.

पुढे याच संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. ३९ गावांत गावातीलच शिकविलेल्या स्त्रियांकडून सेवा देण्यात आली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार सेवा मिळालेल्या गावांत नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाली. या निष्कर्षाची चर्चा होते ती प्रामुख्याने वैद्यकीय अंगाने. माहितीशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र त्यामागची नोंदव्यवस्था पाहावी. मृत्युदर घटला हे सिद्ध करण्यासाठी दोन्ही गटांतील प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू सापडावा लागतो, आणि जन्मानंतर काही तासांत दगावलेले बाळ हे नोंदीतून सर्वाधिक सहज निसटणारे माणूस होय. त्याचे नाव ठेवलेले नसते, बारसे झालेले नसते, 'मेलेलेच जन्मले' असे सांगून विषय संपविला जातो. हे निसटू नये म्हणून गावपातळीवरील नोंदणारे, त्यांच्यावर देखरेख करणारे आणि सुटलेल्या घटना शोधण्यासाठी घरोघर होणारी पाहणी अशी व्यवस्था वर्षानुवर्षे चालवावी लागते. भारत सरकारने २०११ पासून आशा कार्यकर्तीमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला, त्याच्या मुळाशी ही नोंदव्यवस्था आहे.

राज्यातील स्वयंसेवी संस्थांच्या एका गटाने याच पद्धतीने निरनिराळ्या भागांतील बालमृत्यू मोजून 'कोवळी पानगळ' हा अहवाल तयार केला. सरकारी नोंदीतून मोठ्या प्रमाणावर बालमृत्यू सुटत असल्याचे त्यातून पुढे आले आणि राज्यभर खळबळ माजली. आकडेवारीच्या एका पुस्तिकेने विधिमंडळात प्रश्न उपस्थित व्हावेत, हे महाराष्ट्रात क्वचितच घडले आहे.

बार्शीचा धडा

मराठवाड्याच्या वाचकाला अधिक जवळचे उदाहरण बार्शीचे वाटेल. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. मुंबईतील पद्धत शहराला साजेशी होती. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा व मृत्यूनोंदणी कार्यालये येथे जात आणि प्रकरणे उतरवून घेत. १९८७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील भूम व परांडा या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली, तेव्हा ती पद्धत तशीच वापरणे शक्य नव्हते. गावात कर्करोग झालेला माणूस मुळात तपासलाच जात नसे. निदान नाही म्हणजे कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे नोंद नाही.

त्यामुळे येथील कर्मचारी गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, सुईणी, दुकानदार यांच्याशी ओळख ठेवून कोणाला न भरणारी जखम आहे, कोणाला अवेळी रक्तस्राव होतो, कोणाच्या तोंडात चट्टा आहे, याची ते चौकशी करीत आणि अशांना तपासणीसाठी बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात येण्यास उद्युक्त करीत. माहिती गोळा करणे आणि माहिती देणे ही दोन कामे येथे वेगळी राहिली नाहीत. याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे दाखविले की, जागृती वाढल्यामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत आढळू लागला होता. म्हणजे नोंदणीने नुसते मोजले नाही. जे मोजायचे होते तेच तिने बदलले. पाठ्यपुस्तकी भाषेत याला मापनाचा दोष म्हणता येईल. एखाद्या काटेकोर परीक्षकाने तसे म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे, आणि तरीही हा दोष टाळावा असे कोणी म्हणणार नाही.

या नोंदणीचे खरे मोल पुढे दिसले. उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना सामावून घेणारी एक चाचणी हाती घेण्यात आली. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. एका गटास एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यास पेशीतपासणी, तिसऱ्यास ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी आणि चौथ्या गटास नेहमीची उपलब्ध सेवा असे स्वरूप होते. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे त्या गटातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तुलनागटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते. तुलनागटात असे ६४ मृत्यू झाले, तर एचपीव्ही गटात ३४. जगभरातील तपासणीधोरणांत हा अभ्यास आजही उद्‌धृत केला जातो.

सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांमधून आठ वर्षांत घडलेले हे मृत्यू शोधून काढणे म्हणजे काय, याची कल्पना विद्यार्थ्यांना प्रयत्नपूर्वक द्यावी लागते. यांतील काही स्त्रिया पुण्यास राहावयास गेल्या असतील, काही ऊसतोडीला गेल्या असतील, काहींचे नाव एका यादीत माहेरचे व दुसऱ्या यादीत सासरचे असेल. एका गटातील चार-पाच मृत्यू नोंदीतून सुटले असते तरी निष्कर्षाचा तोल ढळला असता.

या अभ्यासावर नैतिक अंगाने टीकाही झाली. तपासणीमुळे प्राण वाचतात हे ठाऊक असताना एका गटाला ती न देता केवळ मृत्यू मोजत राहणे योग्य होते काय, असा तो आक्षेप होता. संशोधकांची बाजू अशी की त्या भागात तपासणीची कोणतीही सोय अस्तित्वात नव्हती आणि कोणती पद्धत ग्रामीण भागात परवडेल व टिकेल हे सिद्ध झालेले नव्हते. दोन्ही बाजू वर्गात मांडल्या पाहिजेत. तथापि तुलनागटातील ६४ स्त्रियांचा आकडा फळ्यावर लिहिताना शिक्षकाचा हात क्षणभर थांबत नसेल, तर त्याने हा विषय शिकवू नये हेच बरे.

काळ आणि गुणांक

बार्शी, गडचिरोली आणि पुण्याजवळील वढू ही तीन कामे एकत्र पाहिली तर त्यांत एक समान सूत्र दिसते. वढू येथे के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राने २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांची सातत्यपूर्ण लोकसंख्या नोंदणी चालविली आहे. या तिन्ही ठिकाणी संशोधकांनी एक लोकसंख्या धरली आणि ती दीर्घकाळ सोडली नाही. अशा कामात पहिली दोन-तीन वर्षे घरांना क्रमांक देण्यात आणि नोंदणारे तयार करण्यात जातात. शोधनिबंध नंतर येतात.

महाविद्यालयीन अध्यापकाच्या कारकिर्दीचे घड्याळ मात्र निराळे चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी ठरविलेल्या गुणांकनपद्धतीत दोनपेक्षा अधिक लेखक असलेल्या शोधनिबंधाचे ७० टक्के गुण प्रथम, प्रमुख अथवा संपर्क लेखकास आणि ३० टक्के गुण प्रत्येक सहलेखकास मिळतात. बार्शीसारख्या कामात दहा-दहा वर्षे नोंदींची जुळणी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा हे ३० टक्केच येतात. त्याच काळात आंतरजालावरील तयार माहितीसंच घेऊन एकट्याने वा दोघांनी मिळून चार निबंध लिहिणारा अध्यापक गुणांच्या दृष्टीने खूप पुढे जातो. तयार माहितीवरील कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पार पाडलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांच्या माहितीवर उत्तम संशोधन झाले आहे व ती माहिती अभ्यासकांना उपलब्धही होते. पण सर्वेक्षणाच्या फेरीत ज्याने एकदाही घराच्या उंबऱ्यावर बसून प्रश्नावली भरली नाही, त्याला 'माहीत नाही' आणि 'सांगायचे नाही' ही दोन उत्तरे संगणकात एकाच सांकेतिक अंकाखाली कशी जातात हे कळत नाही.

या दृष्टीने ओस्लो विद्यापीठाचा मार्ग विचार करण्याजोगा आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या आरोग्य माहिती कार्यक्रमातून 'डीएचआयएस' ही मुक्त संगणकप्रणाली विकसित झाली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचा पहिला प्रत्यक्ष वापर २००६ मध्ये केरळात झाला. प्राध्यापक सुंदीप साहे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाभोवती जी संशोधनपद्धती उभी केली, तिच्यात पीएच.डी.चा विद्यार्थी आपल्या देशातील आरोग्य विभागाबरोबर काम करतो, प्रणाली बसविण्यास मदत करतो, तिचे अपयशही नोंदवितो आणि त्यावरच प्रबंध लिहितो. सेवा आणि संशोधन यांची ही सांगड आपल्या विद्यापीठांत अद्याप दुर्मीळ आहे.

वर्गात काय शिकवावे

पुण्याच्या सी-डॅकमध्ये आरोग्यनोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आहे. रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, वैद्यकीय संज्ञांचे कोश, २०१३ मध्ये जाहीर होऊन २०१६ मध्ये सुधारलेली इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची भारतीय मानके, २०२१ मध्ये देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन हे सर्व अभ्यासक्रमात हवेच. त्यावर पुस्तके व शासकीय दस्तऐवज उपलब्ध असल्याने येथे विस्तार करीत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात जे शिकविता येते आणि महानगरात सहजी शिकविता येत नाही, त्याकडे लक्ष वेधणे अधिक उपयुक्त ठरेल.

पहिली गोष्ट वयाची. ग्रामीण महाराष्ट्रातील कोणत्याही यादीत १ जून ही जन्मतारीख संशयास्पद वाटावी इतक्या वेळा आढळते. शाळा जूनमध्ये सुरू होते. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाला गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी तीच तारीख लावून दिली आणि ती पुढे जन्मभर चिकटली. ज्यांना शाळाच मिळाली नाही, ते वय विचारल्यावर ३०, ३५, ४० असे गोल आकडे सांगतात. हा गोलपणा मोजण्यासाठी व्हिपलचा निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतील किती व्यक्तींचे वय ० किंवा ५ ने संपते ते मोजावे, त्याला ५ ने गुणावे, त्या वयोगटातील एकूण व्यक्तींनी भागावे आणि १०० ने गुणावे. वये अचूक सांगितली असतील तर उत्तर १०० च्या आसपास येते. सर्वांनीच गोल वय सांगितले तर ५०० येते. समजा १,००० व्यक्तींपैकी ३८० जणांचे वय ० वा ५ ने संपत असेल, तर निर्देशांक १९० येतो, आणि १७५ च्या वरची माहिती अत्यंत ढोबळ समजली जाते. हे गणित पदवीच्या पहिल्या वर्षाचा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी करू शकतो. एखाद्या आजाराचे प्रमाण 'वय ४० नंतर वाढते' असे विधान वाचताना मग तो आपोआप थबकतो.

दुसरी गोष्ट नावाची. निरनिराळ्या यादीतील एकाच व्यक्तीच्या नोंदी ओळखून जोडणे, हा आरोग्य माहितीशास्त्रातील एक मोठा संशोधनविषय आहे. त्याचा गणिती पाया फेलेगी व सन्टर यांनी १९६९ मध्ये घातला. इंग्रजी नावांची उच्चारानुसार जुळणी करणारी साउंडेक्स ही पद्धत तर १९१८ इतकी जुनी आहे. तिच्यात नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवून पुढील व्यंजनांना अंक देतात. आता 'ज्ञानेश्वर' हे नाव घ्यावे. रोमन लिपीत कोणी ते 'डी'ने सुरू करतो, कोणी 'जी'ने, तर कोणी 'जे'ने. पहिले अक्षरच बदलल्यामुळे साउंडेक्सच्या लेखी ही तीन वेगळी माणसे ठरतात. त्यात नाव-वडिलांचे नाव-आडनाव हा आपला क्रम, लग्नानंतर बदलणारी नावे, एकाच गावात एकाच आडनावाची शंभर घरे आणि 'बाई', 'ताई', 'राव' ही कधी लिहिली जाणारी व कधी गाळली जाणारी जोडपदे यांची भर पडते. मराठी नावांच्या जुळणीचे नियम देवनागरीच्या आधारे बांधणे हे मराठी आणि संगणकशास्त्र या दोन विभागांनी मिळून करावयाचे काम आहे. हे दोन विभाग बहुतेक महाविद्यालयांत एकाच व्हरांड्यात असतात.

तिसरी गोष्ट आजाराच्या नावाची. दवाखान्याबाहेर झालेल्या मृत्यूचे कारण ठरविण्यासाठी घरच्या माणसांना ठरावीक पद्धतीने प्रश्न विचारतात आणि उत्तरांवरून डॉक्टर संभाव्य कारण नोंदवितात. 'व्हर्बल ऑटोप्सी' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिची प्रश्नावली भाषांतरित करताना 'धाप लागणे', 'दम भरणे' आणि 'छातीत भरून येणे' यांतील फरक शब्दकोशावरून ठरत नाही. वैजापूरच्या गंगथडीत एक शब्द चालतो आणि डोंगराकडच्या गावात दुसरा. असा बोलीतील आजारनामांचा संग्रह हा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी प्रकल्प होऊ शकतो, आणि त्याचा उपयोग थेट मृत्यूच्या आकडेवारीत होतो.

गोपनीयता हा विषय यानंतर शिकवावा, आधी नव्हे. कारण नोंद हाताळल्याशिवाय तिचे ओझे कळत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे. परंतु गावाच्या बाबतीत नाव खोडल्याने माणूस लपत नाही. 'वय २२, तिसरे बाळंतपण, जुळी मुले, उपकेंद्र अमुक' एवढे लिहिले की हजार-बाराशे वस्तीच्या गावात ती कोण हे कोणीही सांगू शकतो. विद्यार्थी त्याच गावचा असेल तर अडचण दुप्पट होते. त्याने वहीत जे वाचले ते त्याच्या चुलतीविषयीचे असू शकते. म्हणून विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाची नोंदवही देऊ नये, शेजारच्या गावाचीही देताना विचार करावा, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याची लेखी परवानगी व संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता यांशिवाय एकही पान उघडू नये.

स्थानिक शक्यता

आतापर्यंत ग्रामीण महाविद्यालयांत या प्रकारचे छोटे काम करण्यास एम.फिल.चा लघुप्रबंध ही सोयीची जागा होती. एक उपकेंद्र, एक वर्ष आणि एक नोंदवही एवढा आवाका त्यात बसत असे. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ही पदवी बंद झाली आणि पीएच.डी.खालचा हा टप्पा नाहीसा झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. दोन श्रेयांकांच्या क्षेत्र प्रकल्पास साधारणपणे ६० तास मिळतात. ६० तासांत बार्शी उभी राहत नाही. पण एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परवानगीने, नावे झाकलेल्या एका वर्षाच्या प्रसूतिनोंदी घेऊन, त्यांपैकी किती बाळंतपणे माहेरी झाली आणि किती रकाने मोकळे राहिले, एवढे मोजून होते.

पहिल्या तुकडीने हे मोजावे. दुसऱ्या तुकडीने येवला किंवा कोपरगाव येथील एखाद्या महाविद्यालयाशी पत्रव्यवहार करून पलीकडच्या वहीत सासर वैजापूर तालुक्यात असलेल्या किती बाळंतिणी सापडतात ते पाहावे. नावांची जुळणी मात्र विद्यार्थ्यांनी न करता दोन्हीकडच्या आरोग्यसेविकांनी करावी आणि महाविद्यालयाच्या हाती केवळ संख्या यावी. तिसऱ्या वर्षापर्यंत जिल्ह्याच्या हद्दीवर किती प्रसूती दोनदा मोजल्या जातात व किती सुटतात याचा एक अंदाज हाती येईल. दर महिन्याला अहवाल भरणाऱ्या सिस्टरना तो आधी दाखवावा. त्यांच्या वहीतील चुका म्हणून नव्हे, तर त्यांच्यापैकी एकीला लेखकांच्या यादीत घेऊन.